वारा कोणत्या बाजूचा

एका जुन्या गाडीचं कोडं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीची चार दारी गाडी. रेडिएटर आतून साफ केलेला, होस पाइप नवे, कूलंट नवं. बेल्टवर फिरणारा मूळचा पंखा उतरवून रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा बसवलेला. स्विच दाबला की तो असा घुमतो की वाटावं, आता कशाची चिंता नाही. आणि तरीही वाहनांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना तापमानाचा काटा चढतो. एवढंच असतं तर पंखा लहान पडला म्हणून विषय सोडता आला असता. पण फ्यूज उपसून काढला की काटा जरा खाली येतो आणि परत खोचला की चढतो. गार करायला बसवलेल्या वस्तूनेच गाडी तापते, ही गोष्ट डोक्यातून जाता जात नाही. शेवटी कुणीतरी वहीचं एक पान फाडून ग्रिलसमोर धरतं. पान आत ओढलं जाऊन ग्रिलमागच्या रेडिएटरच्या जाळीला चिकटायला हवं. ते फडफडतं, हातातून सुटतं आणि बंपरवरून पुढे उडून जातं.

पंखा फिरत होता. वारा उलटा वाहत होता.

गाडी पुढे सरकताना ग्रिलमधून येणारा वारा आणि पंख्याने मागून ढकललेला वारा जाळीतच एकमेकांना भिडत होते, आणि दोघांच्या रेटारेटीत जाळीतून जाणारी हवा जवळजवळ थांबत होती. गाडी उभी राहिली की वारा एकट्या पंख्याचा, पण तो इंजिनवरून आलेला, आधीच तापलेला. चूक दोन वायरींची होती आणि तिचं कारण पुढे येईलच. पण त्या उडालेल्या पानाने जो प्रश्न टाकला तो वायरींपेक्षा मोठा आहे. पंखा बसवणारा बहुतेक वेळा पंख्याकडेच बघतो: किती इंची, किती पात्यांचा, किती अँपिअरचा. बघायचं असतं हवेकडे, आणि हवा दिसत नाही.

मूळ पंख्याची गंमत अशी, की तो चुकीच्या वेळी मेहनत करतो. वॉटर पंपाच्या दांड्यावर बसलेला, बेल्टने इंजिनला बांधलेला. इंजिन जितकं पळेल तितका हा पळेल. गाडी उभी असते, इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असतं, बाहेरून वारा मुळीच नसतो, म्हणजे पंख्याची खरी गरज असते, तेव्हाच हा सर्वांत सुस्त. आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे ग्रिलमधून घुसणारा वारा एकटा पुरतो, तेव्हा हा जिवाच्या आकांताने फिरत असतो. पंख्याचं गणितही निर्दय आहे. फेऱ्या पाचपट झाल्या तर हवा पाचपट होते, पण त्यासाठी लागणारी ताकद पाचाचा घन, म्हणजे १२५ पट. ८०० फेऱ्यांवर इंजिनला जाणवतही नाही असं हे ओझं ४००० फेऱ्यांवर चांगलंच जाणवतं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर जुन्या गाड्यांतून येणारी ती घोंगावती गाज बरीचशी पंख्याची असते. ती काढून टाकायला हात धजत नाही, हेही खरं. पंखा उतरवल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू केलं की अचानक टॅपेटची टकटक ऐकू येते आणि वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. इतकी वर्षं ती गाजेखाली झाकलेली असते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारायची: गाडी तापते कुठे? उभी असताना तापते आणि चालायला लागल्यावर उतरते, तर दुखणं हवेचं आहे आणि विजेचा पंखा त्यावर बरोबर औषध आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर दहा पंखे लावून उपयोग नाही. तिथे वारा भरपूर आहे. नसतं ते पाण्याचं फिरणं: रेडिएटरच्या नळ्या गाळाने अर्ध्या बुजलेल्या, पंपाची चकती गंजून झिजलेली, किंवा खालचा होस पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतोय. आतली स्प्रिंग गंजून गेलेला खालचा होस उभ्या गाडीत अगदी ठणठणीत दिसतो. इंजिनच्या फेऱ्या वाढवल्या की डोळ्यांदेखत आत बसतो. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, तरी गाडी तापते. ही सगळी तपासणी कंटाळवाणी असते, नवा पंखा आणणं मजेचं असतं, आणि माणूस मजेकडे वळतो.

मूळपणाचा आग्रह धरणारे विजेच्या पंख्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांना एवढंच सांगावं, की १९६१ साली आलेली जॅग्वार ई-टाइप कारखान्यातूनच विजेचा पंखा आणि त्याचा तापमानावर चालणारा स्विच घेऊन आली होती. १९६० च्या प्यूजो ४०४ ने वेगळीच तोड काढली: पंखा बेल्टवरचाच, पण मध्ये विद्युतचुंबकी क्लच, गरज पडली तरच पकडणारा. पुढे इंजिनं आडवी बसू लागली, क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, तोंड रेडिएटरकडून बाजूला वळलं आणि बहुतेकांना विजेचा पंखा पत्करावा लागला. १९५९ ची मिनी मात्र अशी हट्टी, की तिने इंजिन आडवं केलं आणि पंखा बेल्टवर राहावा म्हणून रेडिएटरच उचलून चाकाकडच्या बाजूला नेऊन ठेवला.

आता मोजमाप. जाळीच्या मागच्या पृष्ठभागापासून पंपाच्या पुलीच्या सर्वांत पुढे आलेल्या बोल्टच्या डोक्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, आणि ते जुना पंखा काढल्यावर. या अंतरात पंख्याची मोटार मावून किमान वीस मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ब्रेक जोरात लागला की ते पुढे झुकतं. जुना पंखा उतरवताना एक बारीक सापळा आहे. तेच बोल्ट अनेकदा पंखा आणि पुली दोन्ही धरून ठेवतात. पंख्याची जाडी आणि मधला स्पेसर निघून गेला की बोल्ट तेवढे लांब पडतात, आट्यांच्या तळाला टेकतात, हाताला घट्ट लागतात आणि पुली मात्र ढिलीच राहते. काहींत बोल्टचं टोक पलीकडे निघून पंपाच्या अंगावर घासतं. तेवढे आखूड बोल्ट किंवा तेवढ्या जाडीचे वॉशर, एवढाच उपाय. आणि काढलेला पंखा, स्पेसर, मूळ बोल्ट एका पिशवीत बांधून चिठ्ठी लावून ठेवायचे. गाडीच्या पत्र्याला एकही नवं भोक न पाडता हे काम होतं, आणि तसंच करावं.

पंख्यांसोबत प्लास्टिकचे पट्टे येतात. ते जाळीतून आरपार ओवायचे, मागे चकती लावून खेचायचे, पाच मिनिटांत पंखा उभा. ही सोय महागात पडते. पंख्याचं सगळं वजन आणि थरथर जाळीच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांवर येते. पट्टा दिवसेंदिवस सूतभर पुढे-मागे घासत राहतो आणि एखाद्या हंगामानंतर नळीच्या पोटाला ओल दिसू लागते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना जे पत्र्याचे उभे खांब असतात, ते ज्या बोल्टांनी गाडीला बसतात त्याच बोल्टांत अडकवलेल्या दोन आडव्या पट्ट्यांवर पंखा धरावा. पट्ट्या रेडिएटरला डागायचा विचारही नको. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर मऊ डागाने जोडलेला असतो, एक सांधा तापवायला जावं तर शेजारचे चार सुटतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते पंख्याभोवतीच्या डब्याकडे, म्हणजे श्राउडकडे. हिशेब करून बघा. अठरा इंच बाय वीस इंचाची जाळी म्हणजे ३६० चौरस इंच. बारा इंची पंख्याचं वर्तुळ सुमारे ११३ चौरस इंचाचं. पंखा नुसता जाळीला टेकवून बसवला तर उभ्या गाडीत तो आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. एक तृतीयांशापेक्षा कमी जाळी काम करते, उरलेली नुसती उभी राहून तापते. त्यातून मोटारीच्या बोंडाची सावली वजा. चारी कडांना चिकटून बसणारा, मागे पंख्याच्या तोंडापाशी आवळत गेलेला पत्र्याचा डबा केला, की पंख्याची ओढ कोपऱ्यांपर्यंत पोहोचते. डब्याचा मागचा पत्रा जाळीपासून निदान दोन-तीन सेंटिमीटर दूर असायला हवा, नाहीतर कोपऱ्यातल्या हवेला मध्यापर्यंत यायला वाटच उरत नाही. कडेला फोमची पट्टी. पण हाच डबा वेगात आडवा येतो: समोरचा वारा आत घुसतो आणि त्याला बाहेर पडायला पंख्याच्या तोंडाएवढीच जागा. म्हणून कोपऱ्यांत चौकोनी खिडक्या कापून त्यांवर मागच्या बाजूने वरच्या कडेला धरलेली रबराची झापडं लावतात. पंखा ओढत असतो तेव्हा ती आत खेचली जाऊन बंद. वाऱ्याचा दाब आला की आपोआप उघडी. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे या कामाला उत्तम, आणि या सगळ्या कामात हाताला समाधान देणारा भाग हाच.

मागे जागाच नसेल तर पंखा पुढे, ग्रिल आणि रेडिएटरच्या मध्ये बसतो. तो ढकलणारा पंखा. नाइलाज म्हणून ठीक. पण वेगात त्याची पाती आणि मोटार वाऱ्याच्या वाटेत उभी असतात. ओढणारा पंखा ढकलणारा करायचा तर नुसत्या वायरी उलट करून भागत नाही. पात्यांना बाक असतो. वायरी उलटल्या की हवा उलटी जाते खरी, पण पाती पाठीवर चालतात. आवाज तेवढाच, हवा कमी. नुसती पाती काढून उलटी बसवली तर हवेची दिशा बदलतच नाही, कारण स्क्रू कुठल्याही टोकाकडून पाहा, त्याचे आटे त्याच हाताचे. दोन्ही करावं लागतं: पाती उलटी आणि वायरीही उलट.

आता त्या उडालेल्या पानाचं कारण. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नवा पंखा आपल्या काळ्या वायरीसह येतो आणि ती बॉडीला जोडायची हे हाताला इतकं सवयीचं असतं की डोळे विचारत नाहीत. या पंख्यांच्या मोटारीत कायमचुंबक असतात. प्रवाह उलटला की ती मुकाट्याने उलटी फिरते. जळत नाही, कुरकुरत नाही, म्हणूनच फसवते. अशा गाडीत काळी वायर रिलेकडून, म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचकडून, आलेल्या वायरीला आणि पंख्याची दुसरी बॉडीला, एवढंच करायचं. आत डायोड नसलेल्या साध्या रिलेला दिशेशी देणंघेणं नसतं. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मात्र उलट्या जोडणीत पहिल्याच दिवशी जातो.

त्याहून मोठा प्रश्न वीज आणायची कुठून. लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन नीट फिरत असताना. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून दहा, इग्निशन कॉइलला तीन-चार, आणि बारा इंची पंख्याला आठ ते बारा. बेरीज तिथेच संपते. शिवाय आयडलवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच मागतो. रात्रीच्या रांगेत उभी असलेली डायनॅमोची गाडी पंखा बॅटरीवरच चालवत असते. दिवसा, अधूनमधून, एक मध्यम पंखा चालून जातो. सोळा इंची, वीस-पंचवीस अँपिअर ओढणारा घ्यायचा असेल तर आधी अल्टरनेटर. हाच हिशेब व्होल्टचाही. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा समोर रेडिएटर नसताना आणि बहुधा साडेतेरा व्होल्टवर मोजलेला असतो. तोच पंखा अकरा व्होल्टवर, जाळीच्या अडथळ्यामागे, वेगळाच पंखा असतो.

वायरिंग थोडक्यात. बॅटरीपासून एक वीत अंतरात फ्यूज, वीस अँपिअरच्या पंख्याला तीसचा, कारण सुरू होतानाचा झटका चालू प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट असतो. तिथून चार चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० क्रमांकाला, ८७ वरून पंख्याला. ८५ आणि ८६ ही रिलेच्या आतल्या कॉइलची टोकं: एकाला इग्निशनची वीज, दुसरं तापमानाच्या स्विचमधून बॉडीला. पाच टोकांच्या रिलेत मधलं ८७-ए असतं. चुकून वायर त्यावर गेली तर रिले झोपलेला असतानाही पंखा चालतो आणि सकाळी बॅटरी मेलेली. डॅशबोर्डवर अँपिअरमीटर असेल तर पंख्याची वीज त्याच्या डायनॅमोकडच्या बाजूने, जिथून गाडीचे बाकी दिवे घेतात तिथून घ्यावी. सरळ बॅटरीच्या टोकावरून घेतली तर पंख्याकडे जाणारा प्रवाह मीटरला बॅटरीकडे जाणारा दिसतो. काटा भरघोस चार्जिंग दाखवतो आणि बॅटरी बिचारी उपाशी. पंखा थेट इग्निशनच्या वायरीवर तर मुळीच लावू नये. किल्ली बंद केल्यावर घरंगळत फिरणारी मोटार स्वतःच जनित्र होते, तिची वीज उलटी इग्निशन कॉइलकडे जाते आणि इंजिन किल्ली काढल्यावरही क्षणभर धुगधुगत राहतं. रंगावर कसलेला बॉडीचा बोल्ट हाही जुना खलनायक. पंखा चालू असताना त्याच्या दोन टोकांवर आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत, फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बारीक आहे किंवा जोड वाईट.

तापमानाचा स्विच कुठे बसवावा यावर माणसं तावातावाने भांडतात. वरच्या होसमध्ये बसवला तर तो इंजिनमधून येणारं पाणी बघतो. रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवला तर रेडिएटरने काम केल्यावरचं, म्हणजे आठ-दहा अंशांनी गार. दोन्ही चालतात, आकडे वेगळे लागतात. वरच्या होससाठी ९२ ला चालू, ८७ ला बंद हा स्विच ८२ च्या थर्मोस्टॅटशी, म्हणजे ८२ अंशांना उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेशी, छान जमतो. पण तोच स्विच ८८ च्या थर्मोस्टॅटसोबत बसवला तर पाणी सहसा ८८ च्या खाली उतरणारच नाही, आणि पंखा एकदा लागला की थांबायचं नाव काढणार नाही. नियम एवढाच, की पंख्याचा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा. वरचा होस मधून कापून त्यात अॅल्युमिनियमचा तुकडा बसवतात, त्यावर स्विचसाठी आटे असतात. इथे एका टोकाचा स्विच घेतला तर तो काम करत नाही आणि लोक स्विच बदलत बसतात. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे, बॉडीशी संबंधच नाही. तुकड्याला वेगळी अर्थची वायर द्यावी किंवा दोन टोकांचा स्विच घ्यावा. होस भरताना वर हवा अडकली तर स्विचचं टोक पाण्याऐवजी हवेत राहतं, आणि हवा उष्णता फार आळशीपणे देते. इंजिन उकळीला येतं, स्विच शांत. म्हणून भरताना गाडीचं नाक वर, हीटरचा नळ उघडा, आणि वरचा होस हाताने दाबत राहायचं.

सगळं जमलं तरी काही गोष्टी बदलतात. जुना पंखा सतत फिरताना कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपावरूनही हवा नेत असे, कुणी न सांगता. नवा पंखा गरजेपुरता चालतो, आणि मधल्या वेळात बॉनेटखालची हवा साचते. काही गाड्यांत पाण्याचा काटा जागेवर आणि पेट्रोलची मात्र नळीतच वाफ, असा नवा आजार सुरू होतो. नळी एक्झॉस्टपासून दूर नेली, मध्ये पत्र्याचा आडोसा दिला की बहुधा मिटतं. दुसरी गोष्ट मनात जास्त राहते. जुना पंखा बंद पडायचा तो बेल्ट तुटून, आणि बेल्ट तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा; गाडी सांगायची. नवा पंखा बंद पडतो तो कुणाला न सांगता, एखाद्या सैल टोकापायी. त्यामुळे पंख्याच्याच वायरीवरून, ८७ च्या पलीकडून, डॅशबोर्डवर एक बारीक दिवा आणावा. आणि रिलेच्या कॉइलच्या अर्थ-टोकावरून बॉडीला जाणारा एक हातस्विच, म्हणजे तापमानाचा स्विच रुसला तरी पंखा हाताने लावता येतो.

इंजिन गरम, पंखा चालू, गाडी उभी. वहीचं पान परत ग्रिलसमोर धरलं जातं. या वेळी ते हातातून खेचलं जातं आणि जाळीच्या मधोमध थाडकन चिकटतं. तिथे चिकटणारच. मग ते सोडवून वरच्या डाव्या कोपऱ्यात धरायचं, मग उजव्या, मग खाली. तीन कोपऱ्यांत पान बसतं. चौथ्यात, खाली, जिथे फोमची पट्टी बोटभर आखूड पडली आहे, ते जरा वेळ थरथरतं आणि घसरून खाली येतं. पट्टीचा तुकडा कापायचा, लावायचा, पान पुन्हा धरायचं. काटा ८७ वर येतो, रिले टक् करतो, पंखा थांबतो, आणि चौथ्या कोपऱ्यातलं पान आपसूक सुटून जमिनीवर पडतं.